ओरखडे असलेलीच गाडी घे

प्रश्न : मी २५ वर्षांची आहे. मूळची कराडची, नोकरीला पुण्यात. कॉलेजपासून अ‍ॅक्टिव्हा चालवतेय, पण स्पोर्ट्स बाइकचं वेड शाळेपासूनचं. आता १ लाख ६० हजार जमलेत आणि दोन गाड्या हेरून ठेवल्यात. एक केटीएम आरसी ३९०, २०१७ ची, फक्त १४ हजार किलोमीटर चाललेली, एकदम चकाचक. मालक १ लाख ४५ हजार म्हणतो आणि ‘ट्रान्सफरचं नंतर बघू, घाई नाही’ असंही म्हणतो. दुसरी ऑफिसातल्या सहकाऱ्याची यामाहा आर१५ व्ही३, २०१९ च्या शेवटची, १ लाख ५ हजारांत. पण ती ३१ हजार चाललीय आणि डावीकडचं फायबर खरवडलंय. मित्रांचं म्हणणं, दीडशे सीसीचा सहा महिन्यांत कंटाळा येईल, घ्यायची तर मोठीच घे. घरी सांगितलेलं नाही. चुलतभावाचा बाइकवर अपघात झाला, तेव्हापासून आमच्याकडे हा विषयच निघत नाही. ट्रान्सफर लांबली तर माझ्या पथ्यावरच पडेल, कारण आरसी बुक पोस्टाने कराडच्या घरी जाणार. दिवाळीला गाडीवरूनच घरी जाऊन सरप्राइज द्यायचं ठरवलंय. कुठली घेऊ? आणि घेतल्यावर सांभाळू कशी?

उत्तर : या दोघींतलीच निवडायची तर आर१५. तिचं खरवडलेलं फायबर तुला खटकतंय, मला ते तुझ्या सोयीचं वाटतं.

नव्या माणसाची गाडी पडतेच. आणि ती बहुतेकदा घाटात सुसाट जाताना पडत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडते, पेट्रोल पंपावर सांडलेल्या ऑइलवर पडते, गल्लीत यू-टर्न घेताना पडते. हँडल पूर्ण वळलेलं असताना पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की गाडी जागच्या जागी आडवी होते. स्पोर्ट्स बाइकचं हँडल तोकडं, खाली आणि कमी वळणारं; पूर्ण वळवलं की अंगठा टाकीपाशी अडकतो. तुझ्या अ‍ॅक्टिव्हासारखी ती चार हातांच्या जागेत वळत नाही, हे कळेपर्यंत एकदा तरी ती हातातून जाते. साधी गाडी अशी पडली तर लिव्हर वाकतो, आरसा फुटतो. फायबरवाल्या गाडीचा अख्खा पॅनेल जातो, सोबत तो धरून ठेवणारे क्लिपा-लग तुटतात. आधीच ओरखडा असलेल्या गाडीवर दुसरा पडला तर संध्याकाळभर हळहळशील. चकाचक केटीएमवर पडला तर पुढचे दोन महिने तू गाडी बाहेर काढताना घाबरशील, आणि घाबरून गाडी शिकता येत नाही.

आता तुझ्या हाताबद्दल. पाच-सात वर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाला रस्त्याचा अंदाज असतो, ट्रॅफिक कळतो, ही मोठी जमेची बाजू. पण एक सवय अंगात मुरलेली असते : अचानक काही आडवं आलं की दोन्ही हात एकदम आवळायचे. स्कूटरवर ते दोन्ही ब्रेक. बाइकवर डावा हात म्हणजे क्लच. म्हणजे नेमक्या घाबरलेल्या क्षणी तू इंजिन चाकापासून सोडवून टाकशील, गाडी मोकळी धावेल, उजवा हात एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबेल आणि उजवा पाय, ज्याने मागचा ब्रेक लावायचा, तो नुसता फुटरेस्टवर बसून राहील. ही सवय व्हिडिओ बघून जात नाही. कुणाची तरी शंभर-सव्वाशे सीसीची जुनी स्प्लेंडर किंवा शाइन महिनाभर मागून घे आणि रविवारी पहाटे मोकळ्या मैदानात फक्त थांबायचा सराव कर. तीसच्या वेगात, मग चाळीसच्या. कंटाळवाणं आहे, मान्य.

त्याहीआधी तुझं लायसन्स काढून बघ. स्कूटरवर परीक्षा दिलेल्या पुष्कळ जणींच्या लायसन्सवर ‘विदाउट गिअर’ एवढंच असतं. तसं असेल तर गिअरच्या गाडीसाठी तुझ्याकडे लायसन्सच नाही. त्या वर्गासाठी वेगळं लर्निंग काढावं लागेल, ते सहा महिने चालतं आणि पक्क्या परीक्षेला किमान ३० दिवस थांबावं लागतं. ते तीस दिवस मैदानातल्या सरावासाठी वापर, फक्त गाडीला ‘एल’ची पाटी आणि सोबत पक्कं लायसन्स असलेलं कुणीतरी हवं.

मित्रांच्या ‘मोठीच घे’ला मी फारशी किंमत देत नाही. तुझी अ‍ॅक्टिव्हा साधारण ८ पीएसची (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप). आर१५ व्ही३ ची ताकद १९ पीएसच्या आसपास, म्हणजे तू आज चालवतेस त्याच्या दुपटीहून जास्त. आरसी ३९० ४३ पीएसची, म्हणजे पाचपटीहून अधिक, आणि वजनाला आर१५ पेक्षा वीस-पंचवीस किलोंनी भारी. सीसीवर कंटाळा अवलंबून असता तर पुण्यातल्या पार्किंगमध्ये वर्षभर धूळ खात पडलेल्या एवढ्या मोठ्या गाड्या दिसल्या नसत्या. केटीएमचं ते ३७३ सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिन खालच्या वेगात धक्के देतं, ट्रॅफिकमध्ये तापतं, पंखा सुरू झाला की गरम वारा थेट मांडीवर येतो. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत रोज तासभर ते सोसायचं का, हा प्रश्न सीसीच्या प्रश्नाआधीचा आहे. गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. चाकणलाच बनते, सुटे भाग मिळतात, ज्याचा हात बसलाय त्याच्यासाठी घाटात मजा आहे. तुझा हात बसायचाय. आणि वर्षभराने खरंच आर१५ कमी पडली, तर ती विकताना फारसं नुकसान होत नाही, तिला गिऱ्हाईक लगेच मिळतं.

‘फक्त १४ हजार’ या शब्दांनी तू भुललीयस. २०१७ च्या गाडीने एवढ्या वर्षांत एवढंच अंतर कापलं, याचे दोन अर्थ निघतात. एक, मीटर फिरवलाय. दोन, गाडी उभी होती. उभ्या गाडीचे टायर कडक होतात, इंधन टाकीत चिकट होतं, सील सुकतात, बॅटरी मरते, ब्रेक ऑइल ओलावा ओढून घेतं. रोज ऑफिसला गेलेली, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली ३१ हजारांची गाडी यापेक्षा कितीतरी बरी. सहकाऱ्याकडून सर्व्हिसची बिलं मागून घे. केटीएमच्या बाबतीत मन मानतच नसेल तर नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि मालकासमोर जुन्या नोंदी विचार. दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत १९ हजार आणि आज मीटरवर १४ हजार, असं निघालं तर पुढे काही बघायचं शिल्लकच राहत नाही.

आर१५ बघायला जाशील तेव्हा सकाळी जा आणि इंजिन थंड असतानाच बघायचंय असं आदल्या दिवशी सांगून ठेव. गेल्यावर पहिला हात इंजिनला लाव. कोमट लागलं तर तू यायच्या आधी कुणीतरी ते चालू करून बघितलंय. थंड गाडी पहिल्या-दुसऱ्या सेल्फला चालू व्हावी. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबला नाही तर कूलंट आत जातंय. दोन्हींपैकी काहीही दिसलं तर चहा पिऊन परत ये.

मग ओरखड्याकडे. नुसतं घासलेलं आणि वाकलेलं यांत फरक करायचा. हँडलची टोकं, लिव्हर, फुटरेस्टची टोकं डावीकडून घासलेली असणार, ते ठीक. गाडीसमोर उकिडवी बस आणि पुढचं चाक व हँडल एका रेषेत आहे का ते बघ. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळव. जिथे ते अडतं तिथला चेसिसवरचा लोखंडी टेका ठेचलेला किंवा रंग उडालेला असेल तर गाडी समोरून धडकलीय. दोघांनी मिळून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल एका बोटाने हळूहळू फिरव. बरोब्बर मधे आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं थबकलं तर बॉलरेस, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलाय. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर बोट फिरव. ऑइलचं कडं उमटलं तर सील गळतंय, हे दुरुस्त होतं, किमतीत घासाघीस करायला उपयोगी. चेन मागच्या चक्राच्या अगदी मागच्या टोकाला चिमटीत धरून ओढ. ती दातांवरून उचलली जात असेल आणि दात लाटेसारखे एका बाजूला झुकले असतील तर चेन-स्प्रॉकेट बदलावं लागणार. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांच्या टायरवर पावसात विश्वास टाकू नकोस. डिस्कच्या काठावरून नख फिरव, काठ उंचवट्यासारखा लागला तर डिस्क झिजलीय.

आणखी एक, पुष्कळांच्या नजरेतून सुटतं ते : फायबरचे स्क्रू. कंपनीचे सगळे एकसारखे असतात. मधेच एखादा वेगळ्या डोक्याचा, एखादा गंजका, एक जागा रिकामी, तर फायबर अनेकदा उतरलंय. का उतरलं ते विचार. सर्व्हिसिंगसाठी असेल, रेडिएटर फुटला म्हणूनही असेल.

ट्रायल तू मारू नकोस. गिअरचं लायसन्स असलेल्या माहीतगार माणसाला पाठव, शक्यतो पाचशे-सातशे रुपये घेऊन येणाऱ्या मेकॅनिकला. मित्राला नको. मित्राला गाडी आवडून जाते.

आता कागद. इथे तुझं पत्र वाचून मी खरी थबकले. ‘ट्रान्सफर नंतर’ हे तुला सोयीचं वाटतंय, कारण आरसी बुक कराडला जाईल याची भीती आहे. पण गाडी दुसऱ्याच्या नावावर असताना तुझा अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. मालकी बदलल्यावर पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवस असतात. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो आरसी बुकवर नाव असलेल्यालाच, तेही वैध लायसन्स असेल तर. तुझं नाव नाही, म्हणजे तुझ्या घरच्यांना त्यातलं काही नाही. आणि केटीएमच्या मालकाला एवढी निवांतता परवडते कशी, हेच मला कळत नाही. आरसी बुकवर ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका अपघात प्रकरणात स्पष्ट केलंय, गाडी आधीच विकलेली असली तरी. जो विकणारा हे ठाऊक असून घाई करत नाही, त्याच्या नावावर गाडी आहे तरी का? की त्यानेही कुणाकडून ‘ट्रान्सफर नंतर’ म्हणत घेतलीय?

म्हणून पैसे द्यायच्या दिवशीच मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या हव्यात, ओळखपत्राच्या प्रतीसह. गाडीवर कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, म्हणजे आरसी बुकवरची कर्जाची नोंद (एचपी) निघेल. गाडी एमएच १२ आणि तुझा आधारचा पत्ता कराडचा, म्हणजे एमएच ५० ची हद्द. नोंद तिकडे न्यायची तर फॉर्म २८ ची एनओसीही लागते. थकलेली ई-चलनं असतील तर आरटीओचं काम अडतं, ती आधी ऑनलाइन बघून सहकाऱ्याला भरायला लाव. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसी बुकशी ताडून पाहा. फोटोवर भागवू नकोस. दोन्ही किल्ल्या माग. २०१९ च्या गाडीला नवी असतानाच पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा होता, तो संपून गेलाय. पुढचा काढलाय का, हे विचार. थर्ड पार्टीचे २०२२ साली ठरलेले दर बघितले तर १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये आणि ३५० च्या वर २,८०४ रुपये. त्यावर जीएसटी असतोच. मोठ्या गाडीचं मोठेपण असं कागदावरही दिसतं.

पैशांचं गणित तू गाडीपाशीच थांबवलंयस. १ लाख ६० हजारांतले १ लाख ४५ हजार केटीएमला दिले की हातात १५ हजार. तिचा १५० मापाचा मागचा टायर आणि एक मोठं सर्व्हिसिंग यांतच ते संपतील आणि तू कॉलेजातल्याच हेल्मेटवर फिरशील. आर१५ घेतलीस तर ५५ हजार उरतात. त्यातून आधी आयएसआय मार्कचं, पूर्ण चेहरा झाकणारं, तुझ्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट घे. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. मग पॅड असलेलं जॅकेट, तळहाताला जाड थर असलेले हातमोजे, घोटा झाकणारे बूट. पडताना माणूस तळहातच पुढे करतो आणि उद्या लॅपटॉपवर बसायचंय तेही त्याच हातांनी. यातून टायर आणि चेन-स्प्रॉकेट बदलूनही थोडे शिल्लक राहतील. ते उडवू नकोस.

गाडी आली की पहिल्याच आठवड्यात सगळं पाणी-ऑइल बदल. मागच्या मालकाने गेल्याच महिन्यात केलं असेल तरीही. इंजिन ऑइल जेएएसओ एमए किंवा एमए२ लिहिलेलंच घे. बाइकचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, कारचं निसरडं ऑइल घातलं तर तो घसरायला लागतो. ब्रेकला डॉट ४ ऑइल, दर दोन वर्षांनी नवं. कूलंट कमी दिसलं म्हणून नळाचं पाणी ओतायचं नाही. टायरची हवा गाडी थंड असताना तपासायची, पंधरा दिवसांतून एकदा तरी.

चेनवर जरा थांबते, कारण हे काम तू घरीच करणार आहेस. दर पाचशे किलोमीटरला, पावसात त्याहून लवकर, जुन्या टूथब्रशने आणि केरोसिनने किंवा चेन क्लीनरने ती साफ करायची. पेट्रोल नको, आतल्या रबरी रिंगा खराब होतात. कोरडी पुसून आतल्या बाजूने चेन ल्यूब मारायचं आणि तासभर तसंच ठेवायचं. ढील किती ठेवायची ते स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवर मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं. फार ताणलेली चेन सैल चेनपेक्षा जास्त नुकसान करते. या गाड्यांना मेन स्टँड नसतो, म्हणून मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड विकत घे. आणि काहीही झालं तरी इंजिन चालू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावायचं नाही. वेळ वाचतो म्हणून लोक हे करतात. फडकं चेनमध्ये ओढलं जातं आणि त्यासोबत बोटं. चाक हाताने फिरव.

मॉडिफिकेशन वर्षभर नको. सायलेन्सर तर नकोच. सहकाऱ्याने बदललेला असेल तर मूळचा मागून घे. मोठ्या आवाजाचे जप्त सायलेन्सर आपल्या शहरांत पोलीस रोड रोलरखाली घालतात, त्याचे फोटो बघितले असशील.

राहता राहिलं घर. तुझे आईवडील नाही म्हणतील हे तू धरूनच चाललीयस, पण तू त्यांना विचारलेलंच नाहीस. चुलतभावाच्या अपघाताने ते घाबरलेत. ती भीती बाइकची आहे की मुलीने बाइक चालवण्याची, हे न विचारता कळणार नाही, आणि दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. अचानक दारात गाडी उभी करणं हे ज्या घराने एक अपघात पाहिलाय त्या घरासाठी सरप्राइज होणार नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर पुण्यापासूनचा तो सगळा रस्ता उभा राहील, कात्रज, खंबाटकी, ट्रकांची रांग, दिवाळीची गर्दी. गाडी घेण्याआधी एका शनिवार-रविवारी एसटीने घरी जा आणि बोल. गाडीचा फोटो दाखवत बसू नकोस. हेल्मेट आणि जॅकेट आधी घेतलेलं असेल तर ते सोबत ने. गिअरचं लायसन्स काढतेय, विमा माझ्या नावावर असेल, वारस म्हणून तुमचं नाव लागेल, पहिले सहा महिने हायवेवर जाणार नाही, हे सांग. वडील कदाचित तरीही चिडतील. चिडू देत. तू कमावती आहेस, निर्णय तुझा आहे. पण आरसी बुक कराडच्या पत्त्यावर येईल तेव्हा पाकीट उघडणाऱ्याला आत काय आहे ते माहीत असलं पाहिजे.

या दिवाळीला गाडीने जाऊ नकोस. साधारण १६० किलोमीटर हायवे, तोही सणाच्या गर्दीत, हात बसायच्या आधी. त्याऐवजी नव्या गाडीवर पहिले काही महिने सकाळी सहा-साडेसहाला खडकवासल्यापर्यंत जाऊन येत जा, मग सासवड. स्पोर्ट्स बाइकवर वजन मनगटांवर येतं. ते गुडघ्यांनी टाकी धरून पोटाने पेलायला शिक. अर्ध्या तासात मनगटं दुखली तर समज, हँडलला लटकतेयस.

सहकाऱ्याला एवढंच सांग की लायसन्सला दीड-दोन महिने लागतील. त्याला घाई नसेल तर पाच हजार टोकन दे, गाडीचा नंबर, ठरलेली किंमत आणि ‘कागदपत्रांत किंवा तपासणीत खोट निघाल्यास टोकन परत’ हे वाक्य कागदावर लिहून दोघांच्या सह्या घे. घाई असेल तर त्याला विकू दे, आर१५ व्ही३ पुण्यात पुष्कळ मिळतात.